सर्व्हरवरची चादर

नव्या चादरीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मी सोलापुरात, मल्लूअण्णांच्या चादरीच्या कारखान्यात जाऊन पोचते. तिथल्या नव्या सर्व्हरवर मी हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकत होते. जेवून आले, तर सर्व्हर तापून बंद पडलेला. त्याच्यावर मोरांची नवीकोरी चादर, चारी बाजूंनी नीट खोचलेली.

"एसीत लई गारठलं असंल की," मालक असलेले अण्णा म्हणाले.

सकाळपासूनचं काम वाया गेलं म्हणून मी चिडले. भिंतीपलीकडे मागांची खडखड चालूच होती. अण्णांनी चादर काढून घडी घातली.

आता माझे सर्व्हर कुठल्या गावात असतात, मला ठाऊकही नाही. तिथं फार गार असतं म्हणतात.