तात्यांच्या जीपची घूं घूं

गॅरेजात किस्से गोळा करावे लागत नाहीत हो. हात काळे झाले की आपोआप चिकटतात, आणि साबणानं निघत नाहीत! भवानीनगरच्या आमच्या गॅरेजातले निम्मे किस्से तर एकट्या तात्यांच्या जुन्या जीपचे.

*

तिच्या पुढच्या चाकांची बेअरिंग पार गेलेली. जरा वेग घेतला की घूं घूं सुरू. जीप लांब कॅनॉलवर असली तरी घरी कळायचं, तात्या आले! मी म्हणायचो, "बेअरिंग बदला तात्या, न्हायतर एक दिवस चाक तुमच्या पुढं पळंल."

"आरं, पुढचंच चाक हाय. पुढंच पळनार की!"

*

एकदा जीप जॅकवर घेतली आणि चाक हलवून दाखवलं. खडखड! "बघा, किती हलतंय!"

तात्यांनी तोंडात बोट घालून दाढ हलवून दाखवली. "हीबी हलतीया. म्हनून ऊस खायचा सोडला का मी?"

*

मग त्यांनी जीपमध्ये मोठा स्पीकर बसवून घेतला. गाणी लावून ऐटीत आले. "आता कुठाय आवाज?"

मागून ट्रॅक्टरवाला आला आणि ओरडला, "तात्या, गानं झकास, पन चाक बेसूर हाय!"

*

शेवटी आक्का, म्हणजे तात्यांच्या मंडळी, भडकल्या. सूनबाईच्या माहेरी, कन्हेरीला, नातवाचं बारसं होतं. "ह्या गाडीत मी बसनार न्हाय. एसटीनं एकटी जाईन, आन् तितं समद्यांस्नी सांगीन का ते!"

व्याह्यांपुढं शोभा? दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप आमच्या दारात! मी आणि माझ्या जोडीदारानं, शब्बीरनं, चाकं काढली, जुनी बेअरिंग ठोकून बाहेर काढली, नवीन बेअरिंग ग्रीस भरून बसवली. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही आमची रीत. तात्यांनी तो कागदात गुंडाळून नेला. बारसं झोकात झालं. मलाही हायसं वाटलं, त्या चाकाची मला खरंच धास्ती होती.

*

आठवड्यानं आक्का गॅरेजात हजर. पिशवीतून तेच जुनं बेअरिंग काढून टेबलावर आदळलं.

"ह्ये परत बसव!"

"का हो आक्का?"

"घूं ऐकलं की मी तव्यावर भाकरी टाकायची. ताटात गरम पडायची. आता ह्ये मांजरावानी दारात! तवा गार, आन् ह्ये घर डोक्यावर घेत्यात."

"मग निघताना फोन करायला सांगा की!"

आक्कांनी मागं वळून बघितलं. तात्या जीपमध्ये बसून उगाच स्टिअरिंग पुसत होते.

"फोनवर 'आलोच' म्हनत्यात, आन् टपरीवर च्या पीत बसत्यात. बेअरिंग कधी खोटं बोललं न्हाय!"