बाजेखाली न मावलेली शेगडी

शेजारी कुणीतरी निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि मी वीस वर्षं मागे, कात्रपच्या आमच्या खोलीत पोचलो. थंडीचे दिवस, लेक बारा दिवसांची. बायकोला शेक द्यायला मी उल्हासनगरला शेगडी घ्यायला गेलो.

"साईं, बडी लो, पूरा घर गरम!" सिंधी दुकानदार म्हणाला आणि मी भुललो. घरी आणल्यावर कळलं, ती बाजेखाली जातच नाही.

"जावईबापू, बाळंतीण शेकायचीय, पंगत नाही!" सासूबाई म्हणाल्या.

शेवटी बाजेच्या पायांखाली विटा लावल्या. ओव्याच्या धुरात ती उंच बाज तरंगल्यासारखी वाटत होती. तिच्यावर मायलेकी गाढ झोपल्या. मी खाली बसून होतो, शरमेने लाल.

आता वाटतं, शेगडी मापाची आणली असती, तर त्या दोघींकडे अशी मान वर करून मी कधी बघितलं असतं?