फिदेन्सिओचा उजवा गुडघा

फिदेन्सिओ ओल्मेदोच्या चेहऱ्यापेक्षा मला त्याची पाठ जास्त आठवते. मी गोलरक्षक, तो माझ्यापुढचा मधला बचावपटू. आठ वर्षं दर रविवारी दीड तास मी त्या रुंद, चौकोनी पाठीकडे बघून ओरडत होतो. त्याला सगळे 'कपाट' म्हणायचे. मला 'डास' म्हणायचे, कारण माझे हातपाय तसले आणि आवाजही तसलाच. बचावपटूचं कौतुक करायला कुणी तिकीट काढून येत नाही. त्यानं नव्वद मिनिटं सगळं नीट केलं तर तो दिसतच नाही, आणि एकदा पाय घसरला की सोमवारच्या पेपरात त्याचा फोटो. मला हा धंदा तेव्हाही पटला नाही, आता तर नाहीच नाही.

तो तिएर्रा ब्लांका गावचा. बाप रेल्वेत सांधेवाला. सतराव्या वर्षी सालिना क्रूझच्या मीठवाल्यांच्या संघानं त्याला उचललं. तिथला वारा असा, की गोलरक्षकानं पुढे मारलेला चेंडू फिरून त्याच्याच डोक्यावर येतो. चार वर्षं फिदेन्सिओ त्या वाऱ्यात उड्या मारत राहिला. मग एका मंगळवारी न्हाव्याकडे बसला असताना रेडिओवर त्याला कळलं, की आपल्याला तेहुआकानला विकलंय. अर्धी दाढी झाली होती.

न्हावी म्हणाला, "उरलेली तिकडेच करतोस की इथे?"

तेहुआकानला पाच वर्षं काढली. बुटाला ठोकायला खिळे हवेत म्हणून तो तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि पुढचे तीन आठवडे रोज खिळेच घेत राहिला. शेवटी दुकानदाराची मुलगी ओतिलिआच म्हणाली, "घर बांधतोयस का? मग बोल तरी." त्यांचं लग्न झालं. पुढे त्याला फ्रेस्निलोच्या खाणवाल्यांना विकलं. मध्ये सहा महिने तेपिकला उसना दिला होता, शेजाऱ्याकडे वाटीभर साखर द्यावी तसा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू निदान आपल्या मर्जीनं चालतो.

हे कसं चालायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक खेळाडूचा एक कागद असायचा आणि तो मालकाच्या कपाटात. करार संपला तरी कागद मालकाकडेच. मालकानं सोडल्याशिवाय देशातला दुसरा कुठलाही संघ तुम्हाला घ्यायचा नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. मालकांनी कधीतरी जेवणावर बसून एकमेकांच्या हातात हात दिले होते, झालं. त्याला ते 'सभ्य माणसांचा शब्द' म्हणत. त्यातला सभ्य माणूस मला अजून भेटायचाय.

फ्रेस्निलोला आमची गाठ पडली. थंडी अशी, की मैदान सकाळी लोखंडासारखं वाजायचं. त्याच मैदानावर त्याचा उजवा गुडघा गेला. तिथेच त्याची मुलगी ब्रिहिदा जन्मली, आणि तिच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता झालो. म्हणजे मी आणि फिदेन्सिओ 'कोम्पाद्रे' झालो, आणि ओतिलिआ माझी 'कोमाद्रे'. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. आदल्या दिवशीपर्यंत आम्ही एकमेकांच्या आयाबहिणी काढत होतो. त्या रविवारपासून अहो-जाहो सुरू झालं. मैदानावरसुद्धा. "कोम्पाद्रे, तुमच्या डावीकडे कोण मोकळा सुटलाय, आपलं लक्ष कुठाय?" असं मी ओरडलो की समोरचा फॉरवर्ड हसून हसून धावायचा थांबायचा. त्यातही आमचा फायदाच झाला.

पाच वर्षांनी आम्हा दोघांना मातेहुआलाच्या दोरवाल्यांना विकलं, जोडीनं. तोपर्यंत गुडघ्याची अवस्था अशी होती, की दर पंधरा दिवसांनी मालिशवाला सुईनं त्यातलं पाणी काढायचा. सकाळी उठल्यावर चाळीस मिनिटं फिदेन्सिओ भिंत धरून चालायचा. मग गरम पाणी, मग घट्ट पट्टी, मग वर लांब मोजा, की प्रशिक्षकाला काही दिसू नये. रविवारी मात्र तो असा उभा राहायचा, की वाटावं हा कधी आजारीच पडला नाही. चेंडू कुठे येणार हे त्याला आधीच कळत असे. धावायला लागू नये म्हणून तो विचार करायचा. मी उलट करायचो, म्हणून माझी बोटं मोडलेली आहेत.

आणि तो चौतिसाव्या वर्षात असताना आम्ही जिंकलो. दुसऱ्या विभागाचा अंतिम सामना, शेवटच्या मिनिटाला त्यानं एक फटका त्याच गुडघ्यावर घेतला आणि आम्हाला पहिल्या विभागात बढती मिळाली. फिदेन्सिओ मैदानात बसून रडला. सतरा वर्षांत त्यानं पहिल्या विभागाचा एकही सामना, एक मिनिटसुद्धा, खेळलेला नव्हता.

तेरा दिवसांनी मालकानं पहिल्या विभागातली ती जागा विकून टाकली. गावातल्या रस्त्यांवर फटाक्यांचे कागद अजून पडलेले होते. सीमेवरच्या एका मोठ्या शहरातल्या लोकांनी ती घेतली, नाव बदललं, रंग बदलला. मातेहुआलाचा संघ संपला. खेळाडूंचे कागद उन्हाळ्याच्या बाजारात विकायला निघाले. तो बाजार समुद्रकाठच्या एका हॉटेलात भरायचा. मालक आत बसून पायांचे भाव करायचे, आणि पाय ज्यांचे ते बाहेर लॉबीत. कुणी बोलावत नसे, तरी आम्ही जायचो. गुरांना निदान बाजारात नेताना आंघोळ घालतात. आम्ही आमची आंघोळ करून, कोट घालून, आमच्याच पैशांनी जायचो.

निघायच्या आदल्या दिवशी ओतिलिआ माझ्या दारात आली. हातावर पिठाचे डाग तसेच.

"कोम्पाद्रे, तुम्ही त्याच्याबरोबर जाताय ना? मग ऐका. तेहुआकानच्या संघाचे मालक डॉन ब्राउलिओ, त्यांनी त्याला मागितलंय. दोन वर्षं खेळायचं, मग प्रशिक्षकाच्या हाताखाली कायमचं काम. बाबांचं दुकान तिथेच. पोरीची शाळा एकाच गावात होईल. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं वय नाही आता. ही ताटं मी किती वेळा पेपरात गुंडाळायची हो? त्याला तेहुआकानला घेऊन या."

"आणतो," मी म्हणालो.

"त्याच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघून सांगा."

"आणतो, कोमाद्रे."

बसमध्ये फिदेन्सिओ पाय आडवा टाकून बसला होता. गाव मागे पडल्यावर म्हणाला, "एक सामना, कोम्पाद्रे. अर्धा चालेल. कार्डावर 'पहिला विभाग' छापून आलं पाहिजे, बस."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय कळतंय, विभाग कितवा ते."

लॉबीत जाडजूड खांब आणि पामच्या कुंड्या होत्या. पंचवीस-तीस खेळाडू घाम पुसत उभे. कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. डॉन ब्राउलिओ येऊन सांगून गेले, "जेवणानंतर तुझा कागद घेतो, कपाटा. ओतिलिआच्या बापाला मी शब्द दिलाय." फिदेन्सिओ हसला आणि म्हणाला, उपकार झाले. पण त्याचे डोळे सारखे त्या आतल्या दाराकडे होते, जिथून सीमेवरच्या नव्या संघाचे लोक ये-जा करत होते. चौतीस वर्षांचा बाप्या, आणि तोंड असं, की मला बघवेना.

तो कॉफी आणतो म्हणून गेला, आणि तेवढ्यात त्या संघाचे सहायक प्रशिक्षक अल्दामा, ज्यांना सगळे 'प्रोफे', म्हणजे मास्तर, म्हणायचे, सरळ माझ्याकडे आले.

"डास तूच ना? आठ वर्षं कपाटाच्या मागे उभा आहेस. आम्हाला एक जुना माणूस हवाय, पोरांना सांभाळणारा. खरं सांग, त्याचा गुडघा कसा आहे?"

उत्तर सोपं होतं. 'तेहुआकानला जाऊ द्या त्याला,' एवढंच म्हणायचं होतं. ओतिलिआला शब्द दिलेला होता.

"प्रोफे," मी म्हणालो, "त्या गुडघ्यावर दोन मजले चढवा."

"लोक वेगळं बोलतात."

"लोक गोलपोस्टमध्ये उभे होते का? मी होतो. ह्या माणसानं मला आठ वर्षं जेवू घातलंय. माझं जे काही नाव झालं त्यातलं अर्धं ह्याचं. तो धावत नाही, कारण त्याला धावावं लागत नाही. हा उभा असला की मला झोप लागायची, प्रोफे, इतकं निवांत वाटायचं. ह्याला कुणी कधी राष्ट्रीय संघात बोलावलं नाही, ही आपल्या सगळ्यांना लाज आहे. घेतला नाहीत तर रडाल."

पहिलं वाक्य सोडलं तर एक शब्दही खोटा नव्हता. प्रोफेंनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि ते आत गेले. दोन वाजता फिदेन्सिओचा कागद विकला गेला. डॉन ब्राउलिओ बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि हात न मिळवता निघून गेले. त्यांना आत प्रोफेंनी सांगितलंच असणार, की कपाटाच्या गोलरक्षकानंच हमी दिली.

पुढे नऊ दिवस. ओतिलिआनं पुन्हा ताटं पेपरात गुंडाळली. सीमेवरच्या शहरात फिदेन्सिओचा नव्या शर्टात फोटो निघाला, पेपरात आला. ब्रिहिदानं तो शाळेत नेऊन दाखवला. मला त्यानं फोन केला, "इथलं गवत, कोम्पाद्रे! गादी आहे गादी." नवव्या दिवशी डॉक्टरांची तपासणी झाली. डॉक्टरांनी गुडघा एकदाच दाबला, एक्स-रे बघितला आणि विचारलं, "तुम्ही इथपर्यंत चालत कसे आलात?"

सौदा मोडला. कागद मातेहुआलाच्या संघाकडे परत, आणि तो संघ तर उरलाच नव्हता. बाजार बंद झालेला, खेळाडूंच्या नोंदणीच्या याद्या सहा महिन्यांसाठी बंद. तेहुआकाननं त्याच्या जागी दुसरा बचावपटू घेतला होता आणि प्रशिक्षकाच्या हाताखालचं कामही दुसऱ्याला दिलं होतं. डॉन ब्राउलिओ म्हणाले, तुम्हाला मोठं घर हवं होतं ना. फिदेन्सिओ ओल्मेदो त्यानंतर कुठेच खेळला नाही.

ती दोघं तेहुआकानला आली ती सासऱ्याच्या दुकानात. तो आता खिळे, नळ, रंगाचे डबे विकतो. शिडीवर चढता येत नाही, म्हणून खालच्या फळ्यांवरचं तो देतो आणि वरच्यांवरचं ओतिलिआ काढते. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. डॉन ब्राउलिओंनी तिला लॉबीतलं सगळं सांगितलं होतं. मी ख्रिसमसला फोन केला की ती रिसीव्हर नवऱ्याच्या हातात द्यायची. फिदेन्सिओनं मात्र मला कधी एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागायचं.

दोन वर्षांनी चर्चमध्ये ब्रिहिदाच्या पहिल्या कम्युनिअनचा विधी झाला. धर्मपित्याला बोलावल्याशिवाय चालत नाही, म्हणून मला बोलावणं आलं. अंगणात लांब टेबलं, मोले म्हणजे आमचा मिरच्यांचा दाट रस्सा, भात, पाहुण्यांचा गोंगाट. मी फिदेन्सिओच्या शेजारी बसलो होतो.

"कोम्पाद्रे, मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या प्रोफेनं मला तुमच्या गुडघ्याबद्दल विचारलं होतं. मी खोटं बोललो. तुमचं वाटोळं मी केलं."

त्यानं मक्याची तोर्तिया भाकरीसारखी मोडून मोलेत बुडवली आणि सावकाश खाल्ली.

"मला माहीत आहे. मी तिथेच होतो."

"कुठे?"

"खांबामागे. दोन हातांत दोन कॉफ्या. पुढे येऊन म्हणायचं होतं, प्रोफे, हा थापा मारतोय, गुडघा गेलाय माझा."

"मग म्हणाला का नाहीत?"

त्यानं बोटाला लागलेला मोले ताटाच्या कडेला पुसला.

"तुम्ही इतकं चांगलं बोलत होता हो. सतरा वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. म्हटलं, संपेपर्यंत ऐकावं. आणि संपलं तेव्हा तो माणूस निघून गेला होता."

मग त्यानं आवाज खाली आणला.

"ओतिलिआला हे सांगू नका. तिला वाटतं, ते तुम्ही एकट्यानं केलं. तसंच राहू द्या, कोम्पाद्रे. मला ह्याच घरात राहायचंय."

मी मान हलवली. तेवढ्यात ओतिलिआ भाताचं भांडं घेऊन आली. तिनं त्याला वाढलं, पलीकडच्या पाहुण्याला वाढलं, आणि माझं रिकामं ताट ओलांडून पुढे गेली.