फोनशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण

आमच्या ऑफिसने खेड्यातल्या बायकांसाठी एक ॲप काढलं होतं. लिहितावाचता नाही आलं तरी चालेल, फोनला नुसतं विचारायचं आणि सरकारी योजनांची माहिती ऐकायची. चाचणीचं काम माझ्याकडे होतं. साहेब बंगळूरहून आलेले. रायपूरजवळचं एकही गाव त्यांनी गाडीतून उतरून पाहिलं नव्हतं. धूळ सोसत नाही म्हणून त्यांनी बायकांनाच हॉटेलात बोलावलं. त्या बिचाऱ्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, तर फोटोत 'गावच्या' वाटाव्यात म्हणून साहेबांनी पंडरीच्या कापडबाजारातून एकसारखी सुती लुगडी मागवून त्यांना गुंडाळायला लावली.

पहिली एक म्हातारी बसली. फोन तोंडाशी धरून तिने छत्तीसगढीत विचारलं, "मोर बहू के नाव रासन कारड ले काबर कट गे?" सुनेचं नाव रेशनकार्डातून का कापलं, एवढंच.

फोन म्हणाला, "कृपया स्पष्ट बोलिए."

ती मोठ्याने बोलली. फोनचं तेच. मग ती ओरडलीच. शेवटी फोन टेबलावर ठेवून शेजारणीला म्हणाली, "ये ह भैरा हे." बहिरा आहे हा! सगळ्या खळखळून हसल्या.

साहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "इन लोगों को बोलना सिखाना पड़ेगा."

"सर, ॲप को ही छत्तीसगढ़ी सिखाते हैं ना."

"आप इमोशनल हो रही हैं."

पुढच्या बैठकीत त्यांनी प्रस्ताव मांडला: फोनशी शुद्ध हिंदीत कसं बोलावं, याचं महिलांना प्रशिक्षण. टाळ्या पडल्या. धडधाकट बोलणाऱ्या बाईला मुकी ठरवायचं, वर तिलाच शिकवणी लावायची, आणि याला म्हणायचं इंटरनेट घरोघरी पोचवणं!

चौबे कॉलोनीतल्या घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अन् तू काहून काम करून राहिली त्या येड्यांजवळ?"

त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. म्हातारीचं गाव विचारून घेतलं होतं, तिकडे गेले. सुनेचं नाव आधारवर वेगळं लिहिलेलं निघालं. सुनेसोबत रेशनच्या ऑफिसात हेलपाटे घातले, तेव्हा कुठे ते परत चढलं.

साहेब आता ओडिशात आहेत. तिथल्याही बायकांना बोलता येत नाही, असं त्यांच्या लक्षात आलंय म्हणे.