अठरा हजार चालतील, पण ती ओळ काढा

ठाण्याच्या एका स्टुडिओत मी कार्टूनची बॅकग्राउंडं रंगवायचे. एक दिवस सर म्हणाले, "आता घरूनच कर, फ्रीलान्स. पंचवीसऐवजी अठरा हजार मिळतील."

डोंबिवलीला घरी सांगितलं तर बाबा भडकलेच. "तेच काम आणि पैसे कमी? वेडी आहेस का गं?"

मीपण नाहीच म्हणणार होते. पण सरांनी पाठवलेल्या नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ दिसली, दुसऱ्या कोणाचं काम घ्यायचं नाही. ती ओळ निघाली तर बाहेरचंही काम घेता येईल, आणि मला तर कधीपासून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची होती! लगेच फोन लावला, "सर, अठरा चालतील, पण ही ओळ काढा!"

ते हसले. "बरं, काढतो."

अरे, मी घरभर नाचले!

बाबा म्हणाले, "आधी लेखी घे, मग नाच."