फॅट दिसेनाशी झाली

आमच्या गावात गायीची धार बाई काढते आणि दूध गाडीवरून डेअरीला नेतो गडीमाणूस. फॅट किती लागली याची चिठ्ठी त्याच्याच खिशात राहायची. कमी लागली की घरी येऊन पहिला प्रश्न, "पाणी घातलंस का?" उभा जन्म मी हे ऐकलं. मग डेअरीने वेबसाइट काढली. माप झालं की आकडा घरी बाईच्या फोनवर. फॅट घसरली तर पेंड कमी पडली की गाय आजारी आहे, ते आमचं आम्हाला कळू लागलं आणि टोमणे थांबले.

यंदा एका सकाळी वेबसाइटचं पान उघडेना. 'सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही', एवढंच लिहून येई. शेजारणीचंही तेच. गडीमाणसांच्या फोनवर मात्र सगळं ठीक.

डेअरीचं संगणकाचं काम बघणारा केडगावचा माणूस आला, तेव्हा त्याला गाठलं. तो म्हणाला, फोन आणि वेबसाइट ज्या रीतीने एकमेकांशी बोलतात, तिच्या जुन्या-नव्या आवृत्त्या असतात. जुनी त्याने बंद केली. आमच्या फोनांना नवी येत नाही.

"बंद करायच्या आधी इचारलं कुनाला?"

"मावशी, डेअरीच्या सभेत सगळ्यांचे फोन तपासले. सगळे चालले."

सभेला होती गडीमाणसं. आमच्याकडे लेकाने टाकलेला फोन आईकडे येतो, नवऱ्याने टाकलेला बायकोकडे. हे सभेत एकालाही आठवलं नाही. माझा लेकही तिथेच बसला होता.

"मग दोनी ठिव की. ज्याला जी येती ती."

"ठेवता येतं. पण जुनीत भोक आहे. मधला कोणीही पासवर्ड वाचील. सगळ्यांचे बँकेचे खाते नंबरही तिथेच आहेत."

त्याचं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. गोठ्याचं एक दार उघडं टाकून दुसऱ्याला कुलूप लावण्यात अर्थ नाही, हे कळायला शाळा लागत नाही. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

नवीच ठेवायची तर नवा फोन हवा, आणि तो घरात होताच. पुढच्या सभेला आम्ही बाया आधीच जाऊन बसलो. मी म्हटलं, "गाडी काय फोनवर चालती व्हय? ज्यानं दूध न्यायचं त्यानं फोन घरी ठिवून जायचं."

एकजण म्हणाला, "आत्याबाई, रस्त्यात काय झालं तर?"

"गोठ्यात आमचं काय होतं, ते इचारलंस का कधी?"

बाया हसल्या, आणि तसं ठरलं.

दुसऱ्या दिवशी लेकाने फोन ओट्यावर ठेवला आणि किटली उचलली. मी फोन हातात घेतला, तर त्याला कुलूप.

"पासवर्ड सांग."

"आये, ते सुरक्षेसाठी आसतंय."

मी त्याच्या हातातली किटली काढून खाली ठेवली. "मग दूधबी ऱ्हाऊ दे हितंच सुरक्षित."

डेअरी बंद व्हायची वेळ होत आली, तेव्हा त्याने अंगठा लावून फोन उघडून दिला. पासवर्ड काही सांगितला नाही; आकडा येईपर्यंत मी स्क्रीन विझू दिली नाही. आता रोज सकाळी तो तसाच उघडून देतो. तोवर किटली मी सोडत नाही.