दगडातलं कोणीतरी

ओट्याच्या कोपऱ्यात मी खाऱ्या पाण्याची लहानशी काचेची टाकी मांडली. वाळू, समुद्रातला एक दगड, शेवाळ आणि गोगलगाय. मासे मुद्दामच आणले नाहीत. घरात मरणं नको होती. आज गोगलगायीचा शंख रिकामा सापडला.

"त्या दगडात कोणीतरी आहे," मी म्हटलं.

"बसव चौकशी!" नवरा हसला.

चिमट्याने दगड उचलणार, तोच त्याच्या भोकातून खेकड्याची इवलीशी नांगी बाहेर आली आणि शेवाळाचा धागा तोडून आत गेली. आपण काय आणलं ते आपल्याला ठाऊक असतं; त्याच्यासोबत काय आलं, ते मागाहून कळतं. दगड बाहेर काढला तर हा मरणार.

दुसरी गोगलगाय आणायची नाही असं ठरवून मी चिमटा ठेवून दिला. टाकीवर जाळीचं झाकण मात्र घट्ट बसवलं.